चौघांचा वस्ताद

अमेरिकेंत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात त्यांत पायाचा चेंडूशीं संबंध फारच थोडा येतो. चेंडू अंड्याच्या आकाराचा, तो बहुतेक वेळ हातांतच असतो, आणि खेळाचें खरें स्वरूप मुलुखगिरीचें आहे. मैदानाची लांबी शंभर यार्ड. एका पक्षाच्या अकरा गड्यांनीं चेंडू घेऊन पुढें सरकावयाचें आणि दुसऱ्या पक्षाच्या अकरा गड्यांनीं त्यांस अडवावयाचें. चार प्रयत्नांत दहा यार्ड जमीन जिंकली कीं आणखी चार प्रयत्न मिळतात. न जिंकल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्न कांहीं सेकंदांचाच असतो. तो संपला कीं सर्वांनीं पुन्हां रांगा लावावयाच्या आणि पुन्हां एकमेकांवर आदळावयाचें. नुसत्या धसमुसळेपणाचा हा खेळ आहे असें प्रथमदर्शनीं कोणासहि वाटेल. परंतु त्या धसमुसळेपणाच्या आंत एक बारीक विद्या आहे, आणि ती शिकविणारीं माणसें बहुधा प्रेक्षकांस ठाऊकहि नसतात.

पाहणाऱ्यांची दृष्टि स्वभावतःच क्वार्टरबॅक नांवाच्या गड्यावर खिळते. चेंडू त्याच्या हातीं येतो, तो चार पावलें मागें सरतो आणि पुढें धांवत गेलेल्या आपल्या एखाद्या सोबत्याकडे तो फेंकतो. वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांनीं छापलें जातें तें नांव त्याचें. पण चेंडू हातीं आल्यापासून तो फेंकीपर्यंत त्यास अडीच-तीन सेकंद लागतात, आणि तेवढ्या अवधींत त्याच्या पुढ्यांत जें घडतें त्यावर पुष्कळदां सामन्याचा निकाल अवलंबून असतो. त्याच्या रक्षणास पांच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. त्यांच्यासमोर हातभर अंतरावर प्रतिपक्षाचे बहुधा चार गडी, हात जमिनीस टेकून, वाकून बसलेले असतात. दोन्हींकडचीं हीं माणसें अडीचशें ते तीनशें पौंड वजनाचीं. ह्या चौघांपैकीं एखाद्यानें भिंत फोडून क्वार्टरबॅकला चेंडूसह जमिनीवर लोळविलें, तर त्यास ‘सॅक’ म्हणतात. प्रयत्न फुकट जातो आणि जिंकलेली जमीनहि जाते. लोळविणें साधलें नाहीं, पण नुसता धाक बसला, तरी फेंक चुकते आणि चेंडू भलत्याच हातांत पडतो.

ह्या चौघांस शिकविण्यासाठीं प्रत्येक धंदेवाईक संघांत एक स्वतंत्र शिक्षक असतो. संघाचा मुख्य शिक्षक निराळा. त्याच्या हाताखालीं चढाईचा एक प्रमुख, बचावाचा एक प्रमुख, आणि त्यांच्याहि खालीं एकेका जागेचे शिक्षक अशी ही उतरंड असते. आघाडीच्या बचावफळीचा शिक्षक ह्या उतरंडींत खालच्या पायरीवरचा. रॉड मॅरिनेली यांनीं आपल्या आयुष्याचा बहुतेक भाग ह्याच पायरीवर घालविला. त्यांस एकदां सर्वांत वरच्या पायरीवर चढविण्यांत आलें, आणि तेथून ते जसे पडले तसा त्यापूर्वीं त्या खेळांत कोणीच पडला नव्हता. त्यानंतर ते आपल्या जुन्या पायरीवर परत आले.

मॅरिनेली यांचा जन्म १९४९ च्या जुलै महिन्यांत कॅलिफोर्नियांतील रोझमीड येथें झाला. ऐन तारुण्यांत त्यांनीं व्हिएतनामच्या युद्धांत सैनिक म्हणून नोकरी केली. कॉलेजांतील खेळ त्यांनीं प्रथम युटा विद्यापीठांत व मागाहून कॅलिफोर्निया लूथरन ह्या लहानशा संस्थेंत पुरा केला. खेळाडू म्हणून त्यांचें नांव गाजलें असें नाहीं. १९७३ सालीं ते आपल्याच गांवच्या हायस्कुलांत मुलांस शिकवूं लागले. १९७६ पासून सात वर्षें युटा स्टेट, पुढें १९८३ पासून नऊ वर्षें कॅलिफोर्निया विद्यापीठ, नंतर तीन वर्षें ॲरिझोना स्टेट आणि १९९५ चा एक हंगाम सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ, असा त्यांचा क्रम चालला. धंदेवाईक संघाचें दार उघडण्यापूर्वीं अशीं तेवीस वर्षें गेलीं. हा काळ चरित्रकारास रुक्ष वाटेल. पण कोणत्याहि विद्येंत हात बसतो तो अशाच वर्षांत.

१९९६ सालीं फ्लॉरिडा संस्थानांतील टँपा बे येथील ‘बक्कनिअर्स’ संघाचे मुख्य शिक्षक म्हणून टोनी डंजी आले, आणि बचावफळीच्या शिक्षणाचें काम त्यांनीं मॅरिनेली यांचेकडे सोंपविलें. ह्या संघाची त्या वेळची कीर्ति मोठी केविलवाणी होती. १९७६ सालीं तो जन्मास आला तेव्हां पहिल्या हंगामांतील चौदाहि सामने हरला होता, आणि पुढच्या हंगामांतील पराभव धरून ओळीनें सव्वीस सामने त्यानें गमावले होते. १९८३ पासून तर एकाहि हंगामांत त्याचे विजय पराभवांहून अधिक भरले नव्हते.

डंजी आणि त्यांचे बचावप्रमुख माँटी किफिन यांनीं ज्या पद्धतीनें हा संघ उभा केला ती समजून घेतल्याखेरीज मॅरिनेली यांच्या कामाचें महत्त्व ध्यानांत येणार नाहीं. क्वार्टरबॅकवर धांवून जाण्यास अधिक माणसें पाठवावीं तर मागचें मैदान उघडें पडतें. मैदान राखावें तर धांवून जाण्यास माणसें उरत नाहींत. हा पेंच जुना आहे. पुष्कळ संघ चौघांच्या जोडीस पांचवा-सहावा गडी धाडून जुगार खेळतात. टँपाच्या पद्धतींत हा जुगार क्वचितच खेळावयाचा असें ठरलें. सात गडी मागें राहून मैदान झांकतील. दोघे अगदीं खोल, बाकीचे त्यांच्या पुढें. क्वार्टरबॅकला गांठण्याचें काम मात्र आघाडीच्या चौघांनींच, दुसऱ्या कोणाच्याहि मदतीवांचून, करावयाचें. म्हणजे साऱ्या इमारतीचा भार चार खांबांवर. ते चौघे पोंचले नाहींत तर मागच्या सातांनीं कितीहि शर्थ केली तरी उपयोग नाहीं; कारण पुरेसा वेळ मिळाल्यास चांगला क्वार्टरबॅक कोणतीहि फट शोधून काढतोच.

मग हे चौघे पोंचावयाचे कसे? समोर पांच, आपण चार. वजनांतहि ते बहुधा जड. येथें मॅरिनेली यांच्या शिकवणीचा प्रारंभ होतो, आणि तो पहिल्या पावलापासून होतो. आपल्या आखाड्यांत कुस्ती जुंपण्यापूर्वीं खडाखडी चालते, एकमेकांचा अंदाज घेतला जातो. येथें खडाखडीस वेळच नाहीं. चेंडू हलला रे हलला कीं गडी उसळला पाहिजे. चढाई करणाऱ्या पक्षास चेंडू केव्हां हलणार हें आधींच ठाऊक असतें, कारण त्यांचा क्वार्टरबॅक ठराविक आरोळी देत असतो. हा त्यांचा मोठाच फायदा. ती आरोळी ऐकून उठूं पाहणारा बचावाचा गडी फसतो, कारण क्वार्टरबॅक मुद्दाम आवाज बदलतो, आणि चेंडू हलण्यापूर्वीं रेषा ओलांडल्यास पांच यार्डांचा दंड बसतो. म्हणून कानांवर विसंबावयाचें नाहीं, डोळ्यांवर विसंबावयाचें. अशा सरावांत शिक्षक काठीच्या टोंकास चेंडू बांधून तो जमिनीवर ठेवतो, तोंडानें हव्या त्या आरोळ्या देतो, आणि मधेंच काठी हलवितो. जो आवाजावर उठला तो चुकला. हें दिवसांतून कितीदां करावें लागत असेल ह्याची कल्पना तबल्याचा एकच बोल शेंकडों वेळां घोटणाऱ्या विद्यार्थ्यास येईल.

दुसरें अंग हातांचें. भिंतींतला गडी आपले दोन्ही हात समोरच्याच्या छातीवर रोवूं पाहतो. ते एकदां रोवले गेले कीं तीनशें पौंडांचा माणूस जागच्या जागीं खिळतो. तेव्हां ते हात छातीस लागण्यापूर्वींच मनगटावर फटका मारून झिडकारले पाहिजेत. तिसरें अंग कमरेचें. जो गुडघ्यांत व कमरेंत अधिक वांकतो त्याचा जोर खालून वर लागतो, आणि खालून लागलेल्या जोरापुढें भारी गडीहि उचलला जातो. टोंकाच्या गड्यास तर भिंतीला वळसा घालून, जवळजवळ जमिनीकडे कलून, अर्धवर्तुळांत धांवावें लागतें. त्यासाठीं मैदानावर मोठीं कडीं ठेवून त्यांच्या कडेकडेनें पळविण्यांत येतें. समोरच्या संपूर्ण माणसाशीं झुंजावयाचें नाहीं, त्याच्या एकाच खांद्याशीं झुंजावयाचें, म्हणजे निम्म्या माणसाला आपला सगळा माणूस भिडतो, हेंहि ह्याच विद्येंतलें एक सूत्र.

ह्याहून कठीण गोष्ट म्हणजे परिश्रम. चेंडू दूर फेंकला गेला कीं आघाडीच्या जड गड्यास वाटतें, आपलें काम संपलें. मॅरिनेली यांचे मतें तेथें काम संपत नाहीं. वळून चेंडूमागें धांवलेंच पाहिजे. सामन्याचें चित्रीकरण दुसऱ्या दिवशीं पडद्यावर दाखवून, कोण कोठें पूर्ण वेगानें धांवला नाहीं हें एकेक करून नोंदण्याची त्यांची शिस्त होती. ह्या कुचराईचा हिशेब सर्वांदेखत होई. कोट्यवधींचें वेतन घेणाऱ्या खेळाडूस, त्यानें सॅक मिळविला असला तरीहि, ‘तिसऱ्या प्रयत्नांत तूं चाललास, धांवला नाहींस’ असें दाखवून देणें सोपें नव्हे. त्यासाठीं शिक्षकाचा शब्द तसाच वजनदार असावा लागतो.

टँपांत ह्या शिकवणीस वॉरन सॅपसारखा शिष्य लाभला. सॅप मधल्या जागेवर खेळे. त्या जागेवरील गडी बहुधा वाट अडवून बसण्यापुरते मानले जात. पण तीनशें पौंडांच्या आसपासचा हा माणूस चित्त्यासारखा उसळे. १९९९ सालीं संपूर्ण लीगमधील सर्वोत्तम बचावखेळाडू म्हणून त्याची निवड झाली, आणि २००० च्या हंगामांत त्यानें साडेसोळा सॅक मिळविले. (दोघांनीं मिळून एकास पाडल्यास अर्धा-अर्धा वाटून देतात, म्हणून हे अर्धे.) सॅपची बुद्धि व शरीर त्याचें स्वतःचें होतें, मॅरिनेली यांनीं तें निर्माण केलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण टोंकाच्या जागेवर सिमिअन राइस येऊन मिळाल्यावर ही फळी साऱ्या देशांत धाकाची झाली, ह्यांत शिक्षकाचा वांटा कोणी नाकारीत नाहीं.

२००० सालच्या जानेवारींत, सेंट लुइस येथील ‘रॅम्स’ संघाशीं पडलेल्या उपांत्य सामन्यांत, त्या काळच्या सर्वांत धडाकेबाज चढाईस टँपानें अवघ्या अकरा गुणांवर रोखलें, आणि तरीहि टँपा हरलें. कारण स्वतःचे गुण सहाच. डंजी २००२ च्या प्रारंभीं पदावरून गेले व जॉन ग्रूडन मुख्य शिक्षक झाले. मॅरिनेली मात्र राहिले. त्या हंगामांतील सोळा सामन्यांत मिळून टँपानें प्रतिपक्षांस केवळ १९६ गुण करूं दिले. २६ जानेवारी २००३ रोजीं सॅन डिएगो येथें अजिंक्यपदाचा ‘सुपर बोल’ सामना ओकलंडच्या ‘रेडर्स’ संघाशीं झाला. रेडर्सचा क्वार्टरबॅक रिच गॅनन त्या वर्षीं लीगमधील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला होता. त्यास त्या दिवशीं पांच वेळां लोळविण्यांत आलें, आणि त्याचे पांच चेंडू टँपाच्या गड्यांनीं मधेंच झेलले. त्यांतील तीन झेलांवर तर थेट गुण झाले. टँपा ४८, रेडर्स २१. झेल घेणाऱ्यांचीं नांवें दुसऱ्या दिवशीं सर्वत्र छापलीं गेलीं, आणि तें योग्यच होतें. मात्र चेंडू भलत्या हातांत पडावयास तो घाईनें फेंकला जावा लागतो.

अशा माणसास अधिक मोठें काम द्यावें असें कोणासहि वाटणें साहजिक होतें. २००६ च्या जानेवारींत डेट्रॉइटच्या ‘लायन्स’ संघानें मॅरिनेली यांस मुख्य शिक्षक नेमलें. हा संघ १९५७ नंतर अजिंक्यपदास पोंचलेला नव्हता. आतां चौघांऐवजीं त्रेपन्न खेळाडू. चढाई, बचाव, लाथेनें चेंडू उडविणारे, सगळेच त्यांच्या हाताखालीं. पहिल्या हंगामांत तीन विजय, तेरा पराभव. दुसऱ्या हंगामांत प्रारंभींच्या आठ सामन्यांत सहा विजय झाले आणि शहरांत उत्साह पसरला. पुढच्या आठांत सात पराभव झाले.

तिसरा हंगाम २००८ चा. हंगामापूर्वींचे चारहि सरावाचे सामने लायन्सनीं जिंकले होते. दैवाची थट्टा ती हीच. खरे सामने सुरू झाल्यावर मात्र संघ हरूं लागला आणि हरतच राहिला. सप्टेंबरांत संघाचे अध्यक्ष मॅट मिलन यांस दूर करण्यांत आलें. क्वार्टरबॅक जॉन किटना जायबंदी झाला. १२ ऑक्टोबर रोजीं मिनेसोटाशीं सामना होता. आपल्याच गुणक्षेत्रांत पाठलाग चुकवितांना लायन्सचा नवखा क्वार्टरबॅक डॅन ऑर्लोव्स्की पळतां पळतां मागच्या सीमारेषेबाहेर गेला, आणि त्यास तें कळलेंहि नाहीं. ह्या चुकीबद्दल प्रतिपक्षास दोन गुण मिळतात. सामना लायन्सनीं १२–१० असा गमावला, म्हणजे नेमके दोनच गुणांनीं. त्याच्यावर धांवून आला होता तो मिनेसोटाच्या बचावफळीच्या टोंकाचा गडी. मॅरिनेली यांनीं आयुष्यभर जें शिकविलें तेंच त्यांच्या संघावर उलटलें.

२१ डिसेंबर रोजीं न्यू ऑर्लिन्सनें लायन्सना ४२–७ असें हरविलें. तो पंधरावा पराभव. बचावप्रमुखाच्या जागीं मॅरिनेली यांचे जामात ज्यो बॅरी होते. सामन्यानंतर वार्ताहरांच्या सभेंत एकानें विचारलें कीं, आपल्या मुलीनें याहून चांगल्या बचावप्रमुखाशीं लग्न करावयास हवें होतें असें तुम्हांस वाटतें काय? मॅरिनेली यांनीं तोल सोडला नाहीं. त्या प्रश्नाबद्दल पुढें वृत्तपत्रांच्या जगांतच पुष्कळ नापसंती व्यक्त झाली. तरीहि जांवयास तें पद देण्यांत शहाणपण होतें कीं नाहीं, हा सवाल त्या असभ्य विनोदावांचूनहि उरतोच. विजयांत असल्या गोष्टी कोणी पाहत नाहीं, पराभवांत सर्वांना त्याच दिसतात.

२८ डिसेंबर रोजीं ग्रीन बे येथें शेवटचा सामना ३१–२१ असा गेला. सोळा सामने, सोळा पराभव. सोळा सामन्यांच्या हंगामांत असें पूर्वीं कधींच घडलें नव्हतें. त्यापूर्वीं सबंध हंगामांत पराभवांखेरीज कांहींच न मिळविण्याचा सर्वांत मोठा विक्रम चौदा सामन्यांचा, आणि तो ज्या टँपाच्या संघास मॅरिनेली यांनीं नांवारूपास आणण्यास हातभार लावला त्याच संघाच्या नांवावर होता. (२०१७ सालीं क्लीव्हलंडच्या संघाचीहि सोळा सामन्यांत तीच गत झाली.) त्या हंगामांत लायन्सवर झालेले गुण ५१७. टँपाच्या १९६ शेजारीं हा आंकडा ठेवला म्हणजे एकाच माणसाच्या हातून हीं दोन्ही वर्षें गेलीं ह्यावर विश्वास बसत नाहीं. दुसऱ्याच दिवशीं त्यांस पदमुक्त करण्यांत आलें.

ह्याचा अर्थ लावतांना घाई करूं नये. संघ दुबळा होता, खेळाडूंची निवड वर्षानुवर्षें चुकत आली होती, हें खरें. पण टँपाची पद्धत डेट्रॉइटांत तशीच लावण्याचा आग्रह मुख्य शिक्षकाचाच होता, आणि त्या पद्धतीस जे चार खांब हवेत ते तेथें नव्हते, हेंहि तितकेंच खरें. चौघांचा वस्ताद वर्षानुवर्षें त्याच चौघांत मुरून त्यांस घडवूं शकतो. त्रेपन्नांच्या धन्यास तेवढी सवड मिळत नाहीं.

साठीच्या उंबरठ्यावर असें अपयश पदरीं आल्यावर पुष्कळांनीं घरचा रस्ता धरला असता. मॅरिनेली २००९ सालीं शिकागोच्या ‘बेअर्स’ संघांत पुन्हां बचावफळीचे शिक्षक झाले. तेथील मुख्य शिक्षक लव्ही स्मिथ हे टँपांतील त्यांचे जुने सहकारी. एकेकाळचा मुख्य शिक्षक पुन्हां काठीला चेंडू बांधून उभा राहिला. त्याच वर्षीं तेथें हेन्री मेल्टन नांवाचा तरुण आला. तो कॉलेजांत मुळांत चेंडू घेऊन पळणारा गडी होता, मागाहून बचावांत आलेला. शिकागोंत त्यास मधल्या जागेवर बसविण्यांत आलें. २०११ सालीं त्यानें सात सॅक मिळविले, आणि २०१२ च्या हंगामाकरितां निवडक खेळाडूंच्या ‘प्रो बोल’ सामन्यासाठीं त्याची निवड झाली. मॅरिनेली २०१० पासून बेअर्सचे बचावप्रमुख होते. त्या वर्षीं संघ अजिंक्यपदाच्या सामन्याच्या एक पायरी अलीकडेपर्यंत पोंचला.

२०१२ च्या अखेरीस स्मिथ यांस निरोप मिळाला, तेव्हां मॅरिनेलीहि तेथें राहिले नाहींत. २०१३ सालीं ते डॅलसच्या ‘काउबॉइज’ संघांत पुन्हां फळीचे शिक्षक म्हणून गेले. आपल्या गड्यांस ते ‘रशमेन’, म्हणजे धांवून जाणारे, म्हणत. हें नांवच त्यांचा हेतु सांगतें: अडवून बसावयाचें नाहीं, चाल करून जावयाचें. तो हंगाम दुखापतींनीं ग्रासलेला होता. मिळेल तेथून माणसें आणून उभीं करावीं लागत. जॉर्ज सेल्वी नांवाच्या गड्यास ऐन जुलैंत, हंगाम तोंडावर आला असतां, घेण्यांत आलें. त्यानें सात सॅक मिळविले. जेसन हॅचर एकतीस वर्षांचा, म्हणजे ह्या खेळाच्या मानानें उतरणीचा. तोंवर एका हंगामांत साडेचारांहून अधिक सॅक त्यास कधीं मिळाले नव्हते. त्या वर्षीं अकरा मिळाले. गंमत अशी कीं, एकंदर बचावांत जमीन गमावण्याच्या हिशेबानें त्या वर्षीं डॅलस सबंध लीगमध्यें शेवटचें होतें. एकेका गड्याची प्रगति आणि संघाची अधोगति अशीं एकाच मैदानावर शेजारीं शेजारीं चालतात, आणि निकालाच्या कोष्टकांत दुसरीच तेवढी नोंदली जाते.

पुढच्या वर्षीं त्यांस तेथें बचावप्रमुख केलें, आणि डॅलसनें सोळांपैकीं बारा सामने जिंकले. त्या जागेवर ते २०१९ पर्यंत होते. २०२० सालीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, ते पुन्हां केवळ फळीचे शिक्षक झाले. ह्या वेळीं लास व्हेगसला मुक्काम हलविलेल्या रेडर्स संघांत, म्हणजे सतरा वर्षांपूर्वीं ज्याच्या क्वार्टरबॅकला त्यांच्या शिष्यांनीं सॅन डिएगोंत लोळविलें होतें त्याच संघांत. बोलावणारे मुख्य शिक्षक जॉन ग्रूडनच. ग्रूडन २०२१ च्या ऑक्टोबरांत पद सोडून गेले. मॅरिनेली हंगाम संपेपर्यंत राहिले. त्या गोंधळांतूनहि संघ बाद फेरीपर्यंत पोंचला आणि १५ जानेवारी २०२२ रोजीं सिनसिनाटी येथें २६–१९ असा हरला. रेडर्सच्या फळीमागें उभे राहून मॅरिनेली यांनीं पाहिलेला तो शेवटचा सामना. हायस्कुलांत पहिला धडा दिल्याला तेव्हां एकूणपन्नासावें वर्ष चालू होतें.